मौजे पिंपळझरीच्या फलकाची मोहीम

स्वस्ति. तिवसे परगण्यातील मौजे पिंपळझरी येथे फलकाचे प्रकरणी जे वर्तमान घडले, ते मागाहून येणारांस ठाऊक असावे, म्हणोन यथातथ्य लिहिले असे.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, चैत्रमासी, ग्रामपंचायतीने बसथांब्यावर गावचे इतिहासाचा फलक उभारण्याची मसलत केली, आणि सरपंच राजश्री वामनराव, काळ्या मातीचे जुने कास्तकार, यांनी मजकूर सांगितला, आणि योगेश पेंटर मोठ्याने उच्चार करीत लिहिता जाहला की, गावची पहिली विहीर सरपंचांचे पणजोबांनी खोदिली. ते समयी मनकर्णाबाई माळीण थांब्यावर भाजीची पाटी मांडून बसल्या होत्या. ओळ बाईंचे कानी पडली. विहीर त्यांचे आजेसासरे पुंजाराम यांनी खोदिली, हे सासरी सर्वांचे तोंडी होते. परंतु कागद एकही नव्हता.

मग बाईंनी पंचायतीवर स्वारी केली. सरपंचांचा हुकूम जाहला की, रंग वाळला, सबब बदल होणे नाही. बाई माघारी आल्या आणि माळीपुऱ्यात खलबत करून त्यांनी सरपंचांचे घराची रसद तोडिली. मेथी बंद, वांगी बंद, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, काडीदेखील बंद. तीन दिवस त्या घरी निव्वळ वरणावर गुजराण जाहली.

चौथे दिवशी सरपंचांच्या मातोश्री रुख्मिणीबाई, वय वर्षे नव्वद, काठी टेकीत जातीने सांबार मागावयास आल्या. मनकर्णाबाईंस संकोच जाहला, तरी घडले ते सांगितले. म्हातारीने ऐकून घेतले आणि तैशीच पंचायतीत दाखल होऊन भर बैठकीत लेकास म्हणाली,

"वामन, मी लगन होऊन आली तवा पुंजाराम जिता होता. समदे त्याचीच इहीर म्हनत. तुह्या पणजोबाले इहीर खंदता येत नोती. त्याले बाजेवर बसता येत होतं."

वामनरावांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि पेंटरास पाचारण करण्याचा हुकूम सोडिला.

येणेप्रमाणे चैत्र वद्य पंचमीस फलक फत्ते जाहला. मनुष्यहानी नाही, पांढरे रंगाचा एक डबा कामी आला. पुंजाराम माळी यांचे नाव ठळक लिहिले गेले. बाईंस अक्षर ठाऊक नाही, म्हणोन योगेशाने ओळ वाचून दाखविली. बाईंनी पदर सावरून ऐकिली आणि म्हणाल्या, "आनखी एक डाव वाच."

ऐसे तीन वेळा वाचिले, तेव्हा फत्ते कायम जाहली.