फोटोत न मावणारा डाग

विज्ञानाच्या नजरेला सगळी माणसं सारखीच असतात. धोंडिरामांचा यावर गाढ विश्वास होता. भाच्यानं मोबाइल काढेपर्यंत तो टिकला.

धोंडिराम अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मुकादम होते. रंगानं मात्र ते आपल्या गावच्या, वळसंगच्या काळ्या मातीशी इमान राखून होते. गुरुवारी आंघोळ करताना त्यांना दंडावर एक फिकट चट्टा दिसला. साबणानं घासला, वजरीनं घासला, जाईना. 'कोड' हा शब्द मनात आला. रविवारी मोडनिंबचे पाहुणे त्यांच्या मुलीला, ऋतुजाला बघायला येणार होते. बापाच्या अंगावर पांढरं दिसलं असतं, तर पोरीच्या हातचा चहासुद्धा कुणी प्यायलं नसतं.

दवाखान्यात जायची सोय नव्हती. तिथल्या बाकावर हमखास एक तरी नातेवाईक बसलेला असतो. म्हणून त्यांनी भाच्याला, सतीशला, गच्चीवर नेलं. त्याच्याकडे कातडीचा फोटो बघून रोग सांगणारं ॲप होतं.

"आवाज बंद कर त्याचा. मामीला कळलं तर बघ!"

फोटो निघाला.

"काय म्हंतोय?"

"पांढरा भाग ठणठणीत हाय म्हंतोय."

"सुटलो रे बाबा!"

"बाकीचा डाग हाय."

"बाकीचा म्हंजे?"

"म्हंजे... तुमी, मामा. डाग लई मोठा हाय, कडा फोटोत मावंनात. जरा लांबनं काढा म्हंतोय."

लांबून काढला. डागही तेवढाच वाढला. मोबाइलवर लाल अक्षरांत 'तातडीने' असं उमटलं. धोंडिराम पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसले.

सतीशनं ॲपमधले नमुन्याचे फोटो उघडले. सोललेल्या मुळ्यासारखी गोरी माणसं ओळीनं बसली होती. "मामा, ह्यात आपल्यातलं कुणीच न्हाय की."

"आपल्यातलं कोण वाचलंच नसंल!"

खात्रीसाठी भाकऱ्या थापणाऱ्या मायाक्कांचा, म्हणजे मामींचा, फोटो चोरून काढला. पिठानं माखलेले हात तेवढे निरोगी निघाले. म्हणजे लागणही झाली होती! धोंडिरामांनी ताट, तांब्या, टॉवेल वेगळा केला.

"आवो, काय झालंय तुमास्नी?" मायाक्कांनी विचारलं.

"काय न्हाय. शिस्त."

रविवारी ते भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट घालून, मनगटाच्या गुंड्या लावून बसले. मुलाचे वडील बापूसाहेबही तसेच आले. दोघंही घामानं निथळत एकमेकांना "पंखा वाढवू का?" विचारत होते, बाही कुणीच सरकवत नव्हतं. ऋतुजानं चहा दिला, मुलगा लाजला, सगळं जमत आलं. तेवढ्यात सतीश म्हणाला, "एक आठवणीचा फोटो काढतो की."

घाईत त्यानं तेच ॲप उघडलं. आवाज चालू होता.

"चिंताजनक!" मोबाइलमधली बाई खणखणीत बोलली. "दिसणारी सर्व त्वचा रोगग्रस्त आहे. त्वरित डॉक्टरांना भेटा."

धोंडिराम उठले.

"पाव्हणं, पोरीला काय बी न्हाय. जे हाय ते मला हाय." त्यांनी बाही वर केली.

बापूसाहेबांनी वाकून तो चट्टा बघितला. मग त्यांनी आपली गुंडी सोडली. त्यांच्याही दंडावर तसाच चट्टा होता.

"आमाला वाटलं, पोरीकडची मान्सं काय म्हंतील..."

"म्हणून टॉवेल येगळा व्हय!" मायाक्का म्हणाल्या.

लग्न तिथंच ठरलं. एकमेकांना इतकं भेदरलेलं पाहिल्यावर व्याह्यांना मोडता घालायला तोंड उरत नाही. सोमवारी दोघं एकमेकांच्या आधारानं दवाखान्यात गेले. भिंतीवरच्या त्वचारोगांच्या तक्त्यात तीच मुळ्यासारखी माणसं बघून बापूसाहेबांनी धोंडिरामांचा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी तक्त्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी दोघांना खिडकीपाशी नेऊन दंड बघितले.

"कोड न्हाय न्हवं, सायब?"

"शिबं आहे, साधी बुरशी. घामानं वाढतं. मलम लावा, आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू नका."