टिटवीची अंडी आणि रावसाहेबांचा अहवाल

एका जंगलात, बालमित्रांनो, चौकशीशिवाय पानही हलत नसे. हललंच, तर ते वाऱ्याने हललं की स्वतःहून, हे ठरवायला समिती बसे. जंगल फारच न्यायी होतं.

त्या जंगलात एक साळिंदर राहत असे. त्याला सगळे रावसाहेब म्हणत. रावसाहेब जंगलाचे चौकशी अधिकारी होते. लेखणीसाठी त्यांना कुठे जावं लागत नसे. पाठीवरचा एक काटा उपटला, जांभळाच्या रसात बुडवला, की झालं. अक्षर मोत्यासारखं. स्वभाव सरळ. कुणावर अन्याय होऊ नये म्हणून ते इतके जपत, की न्यायही सहसा होत नसे.

त्याच जंगलातल्या पाणवठ्यावर एक टिटवी पहाऱ्याला होती. तिचं नाव ठकूताई. बिबट्या दिसला, किंवा कुणी पाणी गढूळ करताना दिसलं, की ओरडायचं, एवढंच तिचं काम. तिच्या वर मुकादम होता गजाबा रानडुक्कर. एके दिवशी हा गजाबाच प्यायच्या पाण्यात लोळायला उतरला. ठकूताई ओरडली. कामच होतं तिचं. सगळं जंगल धावत आलं आणि गजाबाला चिखलात पाठीवर पडलेलं पाहून हसलं.

गजाबा अंग झाडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाट वाकडी करून काठावरच्या खड्यांतून आला. तिथे ठकूताईची चार अंडी होती. त्याने पाय ठेवला.

दोन राहिली.

ठकूताईने राजेसाहेबांकडे अर्ज केला. राजेसाहेबांनी तो न वाचता रावसाहेबांकडे पाठवला. रावसाहेब त्याच दिवशी काखोटीला भूर्जपत्रं मारून निघाले. ते तसे कामाला फार तत्पर होते.

वाटेत चिखलात गजाबा भेटला.

“काय रावसाहेब, टिटवीचं प्रकरण का?”

“होय. चौकशी लागलीय.”

“कसली चौकशी? मीच ठेवला पाय,” गजाबा म्हणाला. “चारचौघांत हसं केलं माझं. म्हटलं, जरा कळू दे मुकादम कोण ते. लिहून घ्या.”

रावसाहेबांचा हात काट्याकडे गेला, आणि थांबला.

“आत्ता नाही लिहिता येणार,” ते म्हणाले. “आधी अर्जदाराचा जबाब. मग जागेची पाहणी. मग साक्षीदार. तुमचा नंबर सहावा आहे.”

“अहो, पण मी सांगतोय ना!”

“क्रम मोडला, तर उद्या तुम्हीच म्हणाल की चौकशी एकतर्फी झाली.”

“बरं,” गजाबा म्हणाला, आणि कुशीवर वळला. रावसाहेब पुढे निघाले. आपण एका डुकरालाही न्यायाने वागवलं, याचं त्यांना बरं वाटत होतं.

ठकूताई उरलेल्या दोन अंड्यांवर बसली होती. तिने सगळं सांगितलं. रावसाहेबांनी ते तीन प्रतींत उतरवलं.

“रावसाहेब, एक विनंती आहे,” ती म्हणाली. “तेवढं मुकादमांना दुसऱ्या वाटेनं जायला सांगता का? ही दोन फुटेपर्यंत तरी. म्हणजे, आपणहून फुटेपर्यंत.”

“ताई, मला कळतं हो,” रावसाहेब म्हणाले. त्यांना खरंच कळत होतं. “पण चौकशी चालू असताना मी त्यांची वाट बदलली, तर त्यांना आधीच दोषी धरल्यासारखं होईल.”

मग चौकशी सुरू झाली. रावसाहेबांनी पावलाच्या ठशाची लांबी मोजली. रुंदी मोजली. टरफलांना क्रमांक दिले. काशी नावाच्या चितळीला त्यांनी अर्धा दिवस उभं केलं. घटनेच्या वेळी तिचं तोंड कोणत्या दिशेला होतं? तोंडात गवत होतं का? असल्यास, ते चावून झालं होतं का? काशी दमून गेली. रावसाहेबही दमले, पण त्यांना ते दमणं आवडायचं.

अकराव्या दिवशी ठकूताई धापा टाकत आली.

“आज आणखी एक गेलं, रावसाहेब.”

रावसाहेबांनी अर्ज चाळला. “यात दोन अंड्यांचा उल्लेख आहे,” ते हळूच म्हणाले. “तिसरं फुटलं, ही वेगळी घटना झाली. वेगळा अर्ज करावा लागेल.”

ठकूताईने अर्ज केला नाही. अंड्यावरून उठायला तिला भीती वाटत होती.

अठराव्या दिवशी गजाबाचा नंबर लागला. तो अंघोळ करून आला. सोबत एक मुंगूस होता. हा मुंगूस आरोपींना काय बोलायचं ते शिकवत असे, आणि काय बोलायचं नाही ते जास्त शिकवत असे.

“माझ्या अशिलांना चार पाय आहेत,” मुंगूस म्हणाला. “तक्रारीत फक्त ‘पाय’ असं म्हटलंय. कोणता पाय?”

रावसाहेब गजाबाकडे वळले. “मुकादम, तुम्ही पहिल्या दिवशी मला म्हणाला होतात...”

“कधी?” गजाबाने विचारलं.

“चिखलात.”

“तुमच्याकडे तशी नोंद आहे का?” मुंगुसाने विचारलं.

रावसाहेबांनी सगळी पानं उलटली. मोत्यासारख्या अक्षरांत सगळं काही होतं. काशीच्या तोंडातलं गवतही होतं. गजाबाचं ते बोलणं मात्र नव्हतं.

बालमित्रांनो, तुम्ही म्हणाल, आता तरी रावसाहेबांनी लिहायचं! पण जे नोंदीत नाही ते लिहिलं, तर तो पक्षपात झाला असता. शिवाय तेव्हा का लिहिलं नाही, हेही लिहावं लागलं असतं. रावसाहेबांनी काटा खाली ठेवला.

पुढच्या आठवड्यात अहवाल झाला. दोनशे बारा पानांचा. त्यात म्हटलं होतं, “अंडी फुटली, ही बाब निर्विवाद आहे. पाय होता, हीही बाब निर्विवाद आहे. मात्र दोहोंची भेट सिद्ध होत नाही. जंगलातील सर्व पायधारकांना सर्वसाधारण समज द्यावी. टिटव्यांनी अंडी घालताना योग्य ती खबरदारी घ्यावी.”

राजेसाहेबांनी अहवाल पंजात धरून तोलून पाहिला. “उत्तम चौकशी!” ते म्हणाले. शेजारच्या जंगलानेही नमुना म्हणून एक प्रत मागवली.

ठकूताई आपली प्रत घ्यायला आली, तेव्हा तिच्या मागे एक पिल्लू काड्यांसारखे पाय टाकत चालत होतं. चौथं अंडं तेवढं वाचलं होतं. तिने शेवटचं पान वाचलं.

“मुकादमांनी पहिल्या दिवशीच तुमच्याजवळ कबूल केलं होतं ना? माझ्या कानावर आलंय.”

“हो.”

“म्हणजे खरं काय, ते तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं, ताई,” रावसाहेब म्हणाले. “नोंदीत नव्हतं.”

ती रागावली असती, तर त्यांना सोपं गेलं असतं. ती नुसती “बरं” म्हणाली. अहवाल तिथेच ठेवून पिल्लाला घेऊन निघून गेली. तो तिला उचलतही नव्हता.

पुढचे दोन दिवस रावसाहेबांच्या हातून अक्षर उमटेना. तिसऱ्या दिवशी सकाळी ते रिकाम्या हातांनी पाणवठ्यावर गेले. सगळे पाण्यावर आले होते. रावसाहेब एका दगडावर चढले. उभ्या जन्मात कागदाशिवाय ते कधी बोलले नव्हते.

“ऐका हो!” ते ओरडले. “ठकूताईची अंडी गजाबानेच फोडली! मुद्दाम फोडली! त्याने मला स्वतः सांगितलं, आणि मी लिहून घेतलं नाही!”

आता हाहाकार उडेल म्हणून त्यांनी डोळे मिटले. काहीच उडालं नाही. डोळे उघडले, तर सगळे पाणी पीत होते.

“ते आम्हाला माहीतच आहे, रावसाहेब,” काशी म्हणाली.

“माहीत आहे? कुणाकुणाला?”

“सगळ्यांना. आमच्यासमोरच तर ठेवला त्यानं पाय.”

“मग जबाबात का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही गवताचं विचारलंत.” काशी जरा ओशाळली. “इतके दिवस इतकं मोजमाप चाललं होतं. आम्हाला वाटलं, तुम्ही शोधताय ते दुसरंच काहीतरी मोठं असेल.”

रावसाहेब दगडावरून उतरले. “ठकूताई कुठे आहेत? मला त्यांना सांगायचंय.”

“ती गेली परवाच, लेकराला घेऊन. जंगलाबाहेरच्या धरणाच्या खालच्या अंगाला कुठेतरी. पहाऱ्यावर आता कुणी नाही.”

पलीकडे गजाबा प्यायच्या पाण्यात आरामात लोळत होता. कुणी ओरडलं नाही. रावसाहेबांना तहान लागली होती. त्यांनी खाली वाकून ते गढूळ पाणी प्यायला सुरुवात केली.

तात्पर्य (रावसाहेबांच्या स्वतःच्या अक्षरात) : सत्य कधी लपत नाही. ते लपवायचंच असेल, तर माझ्यासारखा एखादा प्रामाणिक चौकशी अधिकारी नेमावा लागतो.