केळुसकरांचा पुरावा

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी थाप फॉरवर्ड केली की डॉ. केळुसकर तिला ग्रुपवर उत्तर देत नाहीत. जिने चढून तुमच्या दारात येतात, बेल दाबून धरतात. दार उघडलं की एकच शब्द: "पुरावा?"

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी हे भोगलंय. तांब्याच्या अंगठीने मधुमेह जातो म्हणणाऱ्या शाहभाईंना त्यांनी पाऊण तास दारात उभं केलं होतं.

"साहब, मैंने तो सिर्फ आगे भेजा!"

"घर का कचरा भी ऐसे ही आगे भेजते हो? पडोसी के दरवाजे पे?"

माणूस भौतिकशास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर शाळाशाळांतून प्रयोग दाखवत हिंडायचे आणि दरवर्षी आमच्या हॉलमध्ये विज्ञानजत्रा भरवायचे. त्या वर्षीची जत्रा सूर्यग्रहणाच्या दिवशी ठरली. ग्रहण बघायचे चष्मे त्यांनी घरी बसून बनवले आणि ऐन ग्रहणात सगळ्यांनी कांदेपोहे खायचे, असं फर्मान काढलं.

माझ्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता. सेक्रेटरी मी. ग्रहणबिहण मी मानत नाही, असं चारचौघांत छाती काढून सांगणारा. पण बायको म्हणाली, "काही झालं तर?" आणि माझी गाळण उडाली. हॉल मिळणार नाही, असं पत्र खरडलं. पत्राच्या शेवटी ठोकून दिलं, 'समितीचा निर्णय'. समितीला विचारलंसुद्धा नव्हतं.

ग्रहणाच्या दिवशी पडद्याच्या फटीतून पाहिलं. खाली कंपाउंडात पोह्यांचं भलंमोठं पातेलं, चष्म्यांचा ढीग आणि एकटे केळुसकर. आमच्या बंद खिडक्यांकडे बघत, रागारागाने बकाबका खात होते.

तेव्हापासून ते कुणाच्याच दारात आले नाहीत. ग्रुपवर थापांना ऊत आला. नातू झाला, रांगायला लागला, तरी माझी बेल गप्प. भित्रा मी, आणि शिक्षा त्यांना! स्वतःचाच संताप आला. शेवटी परवा मीच ग्रुपवर टाकलं: 'ग्रहणात शिजवलेल्या अन्नाचं विष होतं.'

चार मिनिटांत बेल. केळुसकर लालबुंद, धापा टाकत.

"पुरावा?"

"त्याचा नाही, सर. पण हॉल समितीने नाही, मी नाकारला होता. त्याचा आहे." मी त्या पत्राची फाइलमधली प्रत पुढे केली.

त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "अक्षर तुमचं होतं, सेक्रेटरी! मी काय मूर्ख आहे?"

"मग गप्प का बसलात?"

"बेल वाजवायची पाळी तुमची होती म्हणून! रोज चारला चहाचे दोन कप काढून ठेवत होतो मी!"

त्या आवाजाने नातू दचकून रडायला लागला. केळुसकर चपापले. खाली बसले, त्याला अलगद मांडीवर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा हळू आवाज ऐकला मी.

"पुढचं ग्रहण याला मी दाखवणार. समितीला विचारून ठेवा. या वेळी खरंच विचारा."