खांबेटेकाकांनी काढलेले खडे

खांबेटेकाकांकडे मुलाखत असली की आमच्या अख्ख्या मजल्याला मौन पाळावं लागे. सकाळीच बेल वाजवून काका सांगून जात, "आज अकरा ते एक मिक्सर नको. आपला मिक्सर भिंतीतून येतो." जणू मीच तो भिंत पोखरून पलीकडे ढकलत होते! चटणी पाट्यावर वाटावी, असंही एकदा सुचवून झालं. मी म्हटलं, पाटा तुम्ही आणून द्या आणि वरवंटाही तुम्हीच फिरवा. त्यावर जरा विचार करून म्हणाले, "वरवंट्याचाही आवाज येतोच म्हणा."

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. पण तरुणपणापासून नाद एकच. गाण्याबजावण्यातल्या माणसांना घरी बोलवायचं आणि त्यांचं आयुष्य टेप करून ठेवायचं. मोठ्या गवयांच्या वाटेला ते जात नसत. त्यांना विचारणारे पुष्कळ आहेत, म्हणत. काकांचे पाहुणे म्हणजे साथीला बसणारे. तबलजी, पेटीवाले, सारंगिये, जन्मभर दुसऱ्याच्या मागे तंबोरा धरून बसलेल्या बायका. यातून ना दमडी मिळत होती, ना कुठे नाव छापून येत होतं. मी विचारलं की म्हणत, "ऐकायचं राहून जातं हो."

पहिला प्रश्न ठरलेला. "जन्मगाव वगैरे नंतर. पहिला अपमान कुठे झाला, ते सांगा."

मला हा उद्धटपणा वाटायचा. पण पाहुणा क्षणभर बघत राही, मग हसू लागे, आणि जो सुटे तो दोन तास थांबत नसे. एका पेटीवाल्यांना मैफल संपल्यावर यजमानांनी पेटी आत नेऊन ठेवायला सांगितली होती, हमाल समजून. तंबोऱ्यावरच्या एक बाई होत्या, त्यांचा चेहरा उभ्या आयुष्यात मैफलीच्या एकाही फोटोत आला नव्हता, भोपळा मात्र प्रत्येक फोटोत. हे सगळं काका मला नंतर ऐकवत. मिक्सर बंद ठेवल्याची ती भरपाई असावी.

मुलाखतीच्या वेळी घरातला पंखा बंद, फ्रिज बंद. भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून न्हाणीघरात. कडक इस्त्रीचा झब्बा घालून कुणी आला की काका त्याला आपला जुना, विटका सदरा काढून देत, कारण झब्बा खरखरतो. मे महिन्यात एक तबलजी त्या सदऱ्यात घामाने थबथबून बाहेर आले आणि जिन्यात मला म्हणाले, एवढा घाम तर मैफलीतही कधी आला नाही. तेव्हा धायरीत आमच्या इमारतीमागे शेत होतं आणि तिथे बबनरावांची म्हैस बांधलेली असे. काकांनी तिच्या गळ्यातल्या घंटेचीही तक्रार नेली. बबनराव भला माणूस. म्हणाले, "म्हशीला गाण्यातलं कळत न्हाई काका, पण काढतो घंटी. तुमचं काम हाय म्हणल्यावर." आता तिथे बारा मजली इमारत आहे, आणि सकाळी हिंजवडीच्या कंपन्यांच्या बस हॉर्न मारत उभ्या असतात. त्यांना कोण सांगणार?

एवढं करूनही जे आवाज शिरायचे ते काका नंतर कापून टाकत. आधी दोन टेपरेकॉर्डर जोडून, पुढे भाच्याने शिकवल्यावर कॉम्प्युटरवर. कापायच्या आवाजाला त्यांचा शब्द होता 'खडा'. खोकला, ठसका, दारावरचा भाजीवाला, सगळे खडे. स्वतःचा आवाजसुद्धा खडाच. विचारणाऱ्याचं काय ऐकायचंय, म्हणत. तांदूळ निवडावेत तशी त्यांनी एकेक मुलाखत निवडून ठेवली.

आणि सगळ्यांत मोठा खडा म्हणजे शालनकाकू, काकांच्या पत्नी.

पाहुण्याचे डोळे भरून यावेत, अन् नेमकं तेव्हाच स्वयंपाकघराचं दार करकरे. "अहो, चहा टाकू का?" काकांनी आधी सांगून पाहिलं, मग दारावर लाल दिवा बसवला. काकूंनी त्याला भीक घातली नाही. माणूस बोलून बोलून दमलाय, त्याला चहा विचारायला दिव्याची परवानगी कशाला, हे त्यांचं म्हणणं. काका काही न बोलता हाताने 'जा, जा' करत. काकू जात, आणि चहा घेऊनच परत येत. मग तो कपबश्यांचा आणखी एक खडा. काका ते सगळं इतकं बेमालूम कापत की मला मुद्दाम बोलावून ऐकवत आणि विचारत, "इथे होती ती. लागतोय पत्ता?" नव्हता लागत. मी तसं सांगितलं की स्वारी खूश.

दोन वर्षांपूर्वी शालनकाकू गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात खेळ आटोपला. तेरा दिवस काकांनी आमची बेल वाजवली नाही. मग एका सकाळी बेल वाजली. मी म्हटलं, चला, आली मिक्सरची तक्रार, बरं झालं. पण काका चप्पल न घालताच आले होते. म्हणाले, "तुमच्या मोबाइलमध्ये हिचा आवाज आहे का हो? कसलाही."

नव्हता. काकूंना काही हवं असलं की त्या गॅलरीतून हाक मारत. माझ्या मुलीच्या लग्नाची फिल्म काढून पाहिली, तर फिल्मवाल्याने सगळ्यावर सनई घातलेली. काकू हसताहेत, ओठ हलताहेत, आणि वर सनई. मूळ टेप काकांनी काटकसरीने पुन्हा पुन्हा वापरलेल्या, आणि कॉम्प्युटरवरचं मूळ जागा करायला पुसलेलं. राहिल्या त्या निवडलेल्या मुलाखती. त्या आम्ही दोघांनी दुपारी बसून ऐकल्या, एखादा खडा चुकून राहिला असेल म्हणून. पाहुण्यांचे उसासे ऐकू आले, काकू कुठेच नाहीत. एवढं चोख काम माणसाने करू नये. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

मग काकांनी जुन्या पाहुण्यांना फोन लावायला सुरुवात केली. कुणी त्या वेळी स्वतःचा टेप चालू ठेवला होता का, एवढंच विचारत. काही पाहुणे आता नव्हते. जे होते ते हळहळले. घोरपडे पेठेतले सारंगिये दस्तगीरचाचा मात्र "उद्या घरी आहात ना?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षाने धायरीत हजर, सारंगी मांडीवर धरून. वय एवढं की जिना चढताना मला हात द्यावा लागला.

काकांनी आशेने विचारलं, टेप आणलीत?

"टेप-बिप कुठली आणू," चाचा म्हणाले. "पण भाभी कशा विचारायच्या ते लक्षात आहे. माझी गोष्ट रंगात आली की यायच्याच ना त्या."

त्यांनी सारंगी जुळवली. काकांनी सवयीने रेकॉर्डर चालू केला. चाचांनी गज ओढला, आणि तारेतून दोन स्वर वर चढले, मग चार-पाच भरभर खाली आले. अहो. चहा टाकू का.

काकांनी मान हलवली. "नाही. इतकं गोड नाही. अहो म्हणताना ती जरा करवादायची."

चाचांनी गज दाबून धरला, पुन्हा वाजवलं. काका म्हणाले, शेवटचा 'का' आखूड करा, उत्तराची ती वाट बघायची नाही. मी दाराशी उभी होते. तिसऱ्यांदा ते स्वर आले. शब्द एकही नव्हता, पण त्या काकूच होत्या, पदराला हात पुसत, उत्तर मिळायच्या आधीच वळलेल्या.

काका स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

"टाक गं," ते म्हणाले. "टाक सगळ्यांना."

आणि तोंडावर हात घेऊन ते लहान मुलासारखे रडायला लागले. चाचा थांबले नाहीत, तेच वाजवत राहिले. मी आत गेले आणि आधण ठेवलं.