तिसऱ्यांदा विचारायचं असतं

तहानेने जीव जात असला तरी अक्का पाण्याला दोनदा नको म्हणत. तिसऱ्यांदा विचारलं की, "आते तुम्हीन इतलं म्हनतस तर..." असं म्हणून तांब्याभर पीत.

मी साताऱ्याकडचा मास्तर. धरणगावला बदली होऊन त्यांच्या माडीवर भाड्याने राहायला आलो, तेव्हा ही रीत मला ठाऊक नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "चहा लेतस का, भाऊ?" मी लगेच हो म्हणालो. अक्का बघतच राहिल्या.

"एकदम हा म्हनानं नही, भाऊ. लोके भुक्कड समजतस."

मी सुधारलो. वांग्याच्या भरताचा वास जिन्यावरून वर यायचा, तरी दोनदा नको म्हणायचो.

गल्लीतल्या एका लग्नात मात्र अक्का फसल्या. वाढपी केटरिंगचे, बाहेरगावचे. अक्का जिलबीला दोनदा नको म्हणाल्या आणि वाढपी सरळ पुढच्या पानाकडे गेला. घरी येईपर्यंत त्या धुमसत होत्या. "दोनदा नही म्हनं, अन् तो पुढे निंघी गया! काय वळण शे का नही?" मी पोट धरून हसलो.

होळीच्या सुमारास त्यांनी मला खाटेखालचा पापडाचा डबा काढायला सांगितलं. डब्याआड एक बॅग होती. गच्च भरलेली, वर धूळ बसलेली.

"कुठे निघालात, अक्का?"

अक्का पदराने धूळ पुसत सांगू लागल्या. त्यांचा एकुलता मुलगा सुरतेला असतो. दिवाळीत तो म्हणाला होता, 'माय, आमच्याकडे राहायला चल.' त्या नको म्हणाल्या. नंतर फोनवर त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा नको.

"मग?" मी विचारलं.

"मंग त्यानी इचारंच नही," अक्का हळूच म्हणाल्या. "मी तं बॅग भरी ठेयेल व्हती."

या वेळी मला हसू आलं नाही. मी त्यांच्या मुलाला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

"अशे कशे सांगू? बरं दिसत नही." पण तिकडून 'हॅलो' आलं. अक्कांनी डोळे मिटले आणि एका दमात म्हणाल्या, "बेटा, माले तुनाकडे येवानं शे. माले लेवाले ये."

तिकडून मुलाचा आवाज आला. "माय, माले वाटनं, तुले आमनाकडे करमत नही. मी उद्याच येस."

फोन बंद झाला. अक्का खाटेवर बसून राहिल्या, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून.