नानांचा परत आलेला डाग

नाना तांबटांना कुठलीही वस्तू दिसली की टिचकी मारल्याशिवाय राहवत नसे. मग ती घागर असो, रेडिओ असो, बाजारातलं कलिंगड असो, नाहीतर कुणाचं टक्कल असो. आधी दोन टिचक्या, मग मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा, "गळतंय," किंवा "भरलंय." टकलाचा निकाल तेवढा मनात ठेवत.

एकदा बेलापूरच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एस.टी.च्या पत्र्यावर त्यांनी हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरने असेच दोन टोले दिले. ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरने डबल बेल दिली. गाडी सुटली. कंडक्टर बिचारा हॉटेलात बशीत चहा ओतत होता. तो बशीसकट गाडीमागे धावला, गावभर हशा पिकला, आणि नाना शांतपणे म्हणाले, "पत्रा ब्येस हाय गाडीचा."

त्यांच्या दुकानाचा अर्धा भाग भांड्यांचा आणि अर्धा रेडिओंचा. फुटक्या भांड्याचा सांधा कथलाने जोडणं याला आमच्याकडे डाग देणं म्हणतात. नानांचा तो पिढीजात धंदा. पुढे गावात रेडिओ आले. एक बंद पडलेला रेडिओ नानांनी उघडून पाहिला आणि ते खूश झाले. "आरं, आतमदी तर समदे डागच हायेत!" तेव्हापासून घागर घेऊन आलेली बाई आणि रेडिओ घेऊन आलेले डॉक्टर एकाच रांगेत बसत, आणि नाना दोघांनाही एकच प्रश्न विचारत, "कुटं गळतंय?"

डाग दिला की ठरलेलं वाक्य यायचं, "चाळीस वर्सं झाली, माजा डाग येकदाबी परत आला न्हाई." हे ते गिऱ्हाइकाला सांगत, नंतर पुन्हा मला सांगत, आणि कुणीच नसलं तर भात्याला सांगत. मला ते ऐकून ऐकून कंटाळा यायचा. आज ते वाक्य ऐकायला मी काय वाटेल ते देईन, पण ते बंद पाडलं कुणी? मीच.

हे बाहत्तर-त्र्याहत्तर साल असेल. मी बावीस वर्षांचा होतो, साखर कारखान्यात टेंपररी क्लार्क होतो आणि मला जगातलं सगळं येतं अशी माझी समजूत होती. चर्चमध्ये गिटार शिकलो होतो. म्हणून कारखान्याच्या करमणूक मंडळाने पुण्याहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली, तेव्हा ती माझ्या ताब्यात आली. तिच्या आतल्या वायरी पार कुजल्या होत्या. मंडळाच्या सेक्रेटरी साहेबांनी ती नानांकडे पाठवली आणि मला बजावलं, "मिस्त्रींशिवाय हिला कुणी हात लावायचा नाही. लावलास तर गिटार काढून घेईन आणि तुझ्या नोकरीचंही बघेन."

नानांनी गिटारीला टिचकी मारली आणि ते दचकलेच. "दानेल, ही तर भरीव हाय रं! तंबोऱ्याला भोपळा अस्तो. हिचं प्वाट कुटं गेलं?" माझं नाव डॅनियल, पण नानांच्या तोंडी ते कधी पुरतं बसलं नाही. मी त्यांना तारांखालच्या दोन पट्ट्या दाखवल्या. त्यांना पिकअप म्हणतात, तारेचा आवाज त्या पकडतात आणि वायरीतून अॅम्प्लिफायरच्या पेटीत पाठवतात. नानांनी सगळ्या वायरी नव्या घातल्या. प्रत्येक डाग जोंधळ्याच्या दाण्याएवढा आणि तसाच चकचकीत. गिटार अशी गरजली की समोरच्या पिठाच्या गिरणीवाला बाहेर आला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी कामावरून सुटलो की मी गिटार घेऊन नानांकडे जाऊ लागलो. त्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी यायच्या आधी ते दुसरं स्टूल पुसून ठेवत. गाणंबिणं त्यांना नको असायचं. "ती जाड तार वाजीव," एवढंच म्हणत, आणि डोळे मिटून ऐकत.

गणपतीत मंडळाचा कार्यक्रम ठरला. मला ऐट सुचली. नगरहून आवाज कमी-जास्त करायचं एक चमचमतं बटण आणलं आणि गिटार घरीच उघडली. बटण बसवताना एका पिकअपच्या दोन्ही वायरी तुटून हातात आल्या. नानांकडे जायचं सोडून मी कुणाची तरी सोल्डरची सळई आणली आणि मीच डाग दिले. डाग कसले, पाघळलेल्या गुळाचे खडे! वर कुठली वायर कुठे होती तेही ध्यानात नव्हतं.

कार्यक्रमात सुरुवातीलाच गिटार पिचक्या आवाजात कुरकुरली. बटण पूर्ण फिरवलं तरी तेच. कुणीतरी ओरडलं, "अरे, डास आलाय का?" मैदान खदखदून हसलं. साहेब स्टेजवर आले. "ही कुणी उघडली होती?"

"मिस्त्रींनी," मी म्हणालो.

अगदी सहज म्हणालो. जीभ कशी झडली नाही कोण जाणे.

नाना पुढच्याच रांगेत होते, इस्त्रीचं धोतर नेसून आले होते. ते वर आले. "आवाज गळतोय कुटंतरी," असं पुटपुटत त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने एका पिकअपवर टिचकी मारली. पेटीतून खणखणीत ठक्क आलं. दुसऱ्यावर मारली, तिथूनही तसंच. मग सगळ्या तारा छेडल्या, तर पुन्हा पिचका आवाज. "दोगंबी जित्ते हायेत," ते म्हणाले, "पन येक बैल म्होरं वडतोय, येक मागं. येका पट्टीच्या दोन वायरी उलट्या लागल्यात." त्यांनी पाठ उघडली आणि आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"डाग कुणाचा आहे हा?" साहेबांनी विचारलं.

"माजाच," नाना म्हणाले. "म्हातारा झालो सायेब. नजर चुकली."

दहा मिनिटांत त्यांनी वायरी बदलल्या. गिटार गरजली, टाळ्या मला मिळाल्या. मंडळाने पुन्हा त्यांना काम दिलं नाही. मी गप्प राहिलो. नुसता गप्प नाही, दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दुकान चुकवायला कालव्याच्या कडेने घरी जाऊ लागलो. तोंड दाखवायची लाज वाटत होती हो. अशी तीन महिने लाज जपली मी.

शेवटी आईने गळकी घागर माझ्या डोक्यावर ठेवली आणि नानांकडे पिटाळलं. नानांनी घागरीला टिचकी मारली. "गळतंय," म्हणाले आणि कामाला लागले. दुसरं स्टूल तिथेच होतं, पुसलेलं.

"नाना, तो डाग माझा होता," मी कसंबसं म्हणालो.

"म्हाईत हाय की. माजा डाग मला वळखू यीना व्हय?"

"मग खोटं का बोललात?"

नानांनी मान वर केली नाही. "तुज्याकडची गिटार काडली आस्ती त्यांनी. मंग सांजच्याला हितं कोन आलं आस्तं?"

मला रडू फुटलं. ज्या संध्याकाळच्या सोबतीसाठी त्यांनी चाळीस वर्षांचं वाक्य मोडलं होतं, तेवढीच मी त्यांना दिली नव्हती.

पुढे ते होते तोवर मी रोज गेलो. ते वाक्य मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही. एकदा एक बाई घागर उचलताना कौतुकाने म्हणाली, "नाना, तुमचा डाग कवा परत येत न्हाई बघा."

मी शेजारच्या स्टुलावर मान खाली घालून बसलो होतो. नानांनी माझ्या डोक्यावर हलकेच टिचकी मारली.

"येक आला हुता बाई," ते म्हणाले. "परत आला त्यो."