सातवी ‘ब’चं बसवलेलं कुतूहल

परळच्या एका मराठी शाळेतली मुलं प्रश्न विचारत नाहीत, ही गंभीर बाब वरिष्ठ कार्यालयाच्या निदर्शनास आली. तातडीची उपाययोजना म्हणून परिपत्रक निघालं : येत्या सोमवारपासून सर्व विद्यार्थ्यांना कुतूहल राहील. ते चित्रकला आणि पीटी यांच्या मधल्या तासाला राहील. तास संपताच ते थांबवण्याची जबाबदारी वर्गशिक्षकांची.

सातवी ‘ब’च्या सुमतीबाई विजयकरांनी तळटीप दोनदा वाचली. तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर ज्या तुकडीला कुतूहल वाटणार नाही, ती तुकडी बंद, आणि तिच्या बाई अतिरिक्त. म्हणजे बाई जाणार कुठल्यातरी परक्या शाळेत आणि पोरं कोंबली जाणार ‘अ’मध्ये. पोरांवर तर बाईंचा असा जीव, की पाढेसुद्धा त्या ओवीच्या चालीवर गाऊन घ्यायच्या.

आधी दादरला बाईंचं प्रशिक्षण झालं. विषय : प्रश्न कसे विचारावेत. बाईंनी हात वर केला.

“हात खाली, मॅडम,” वरिष्ठ कार्यालयातून आलेले वीरेंद्र साहेब म्हणाले. “प्रश्न शेवटी.”

शेवटी जेवण होतं.

“पाठ मटकीच्या मोडांवर घ्या,” मुख्याध्यापक रमाकांत सरांनी सांगितलं. “मुलं विचारतील, शोधतील, उत्तर त्यांचं त्यांना सापडेल.”

“आणि नाही सापडलं तर, सर?”

“सापडणार नाही कसं? फळ्यामागे लिहून ठेवा की!”

मग बाईंनी कुतूहल चालीत बसवलं.

मटकीबाई गं, फडक्यात निजलीस,
कुणाच्या हाकेनं गं जागी झालीस?
इवला पांढरा पाय, बाहेर टाकलास,
सांग कुणी तुला गं धाडलं माहेरास?

पोरं डोलू लागली. जिन्यावर, ग्राउंडवर, नळाखाली तोंड धुताना कुतूहल ऐकू येऊ लागलं. “आमच्या ध्रुवचं कुतूहल कच्चं आहे हो,” म्हणत त्याच्या आईनं त्याला दादरच्या क्लासला घातलं. तिथे दर रविवारी कुतूहलाची सराव चाचणी होई.

तेवढ्यात साहेबांची भेट लांबली. मोड लांबतच राहिले, मटकी वास मारू लागली, आणि तरीही स्टाफरूममध्ये तिची मिसळ झाली. ‘प्रयोग चविष्ट आढळला’, असा शेरा पडला. दुसऱ्या दिवशी निम्मा स्टाफ पोट धरून घरी. लगेच सरांची लेखी सूचना : यापुढे मटकी आधी खळखळ उकळून निर्जंतुक करावी, मगच भिजवून फडक्यात बांधावी. बाईंनी अगदी तसंच केलं.

अखेर साहेब आले. मागच्या बाकांवर पालक, हातात मोबाइल. बाईंनी फडकं सोडलं. ध्रुव उठला. “बाई, हे मोड कसे आले हो?” सगळा वर्ग गाऊ लागला. साहेब मान डोलवू लागले.

“वा! काय ते मोड! काय ते कुतूहल!”

टाळ्यांचा पाऊस. तो ओसरला आणि पहिल्या बाकावरून सलोनीचा आवाज आला, “बाई, पण मोड आहेतच कुठे?”



“हा प्रश्न कोणी बसवला?” साहेबांनी विचारलं.

“कोणी नाही, साहेब. तिचा तिला पडला.”

“आपोआप? नियोजनात नसताना?” साहेबांचं पेन शेऱ्याच्या रकान्यावर थबकलं.

बाईंनी फडक्यात पाहिलं. मऊ पडलेली, मुकी मटकी.  इतकी वर्षं ज्या प्रश्नासाठी त्या कान लावून बसल्या होत्या, तो हाच. किती गोड आवाजात आला होता! मग त्यांनी ते थबकलेलं पेन पाहिलं.

“सलोनी, खाली बस,” बाई म्हणाल्या. “प्रश्न शेवटी.”

शेवटी जेवण होतं.

तुकडी वाचली. शाळेच्या दारावर ‘कुतूहलसक्षम शाळा’ अशी पाटी लागली. सलोनी आता काही विचारत नाही, फक्त चालीवर गाते, छान गाते.

उकळलेल्या मटकीला मोड येतीलच कसे, हे बाईंनी विचारलं नाही, सरांनी नाही, साहेबांनी नाही. पालक तर टाळ्या वाजवत होते. आणि तुम्ही? ‘खळखळ उकळून’ वर वाचलंत, गालातल्या गालात हसलात आणि मुकाट पुढच्या ओळीवर गेलात.

शाबास. तुम्हीही सातवी ‘ब’चेच.